आठव्या क्रमांकाने उघडलेले दार : डेनिस टेनची स्केटिंग कारकीर्द

मार्च २००९ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांच्या गटात आठव्या क्रमांकावर आला तो कझाकस्तानचा पंधरा वर्षांचा मुलगा, डेनिस टेन. आठव्याला पदक मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे नावही सहसा येत नाही. पण त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवरून पुढच्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या जागा ठरणार होत्या, आणि त्याचा नियम असा होता : ज्या देशाचा एकच स्पर्धक उतरला असेल आणि तो तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकात आला असेल, त्या देशाला ऑलिंपिकमध्ये दोन जागा मिळतात. टेनच्या आठव्या क्रमांकामुळे २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये कझाकस्तानला पुरुष गटात दोन जागा मिळाल्या. एकीवर तो स्वतः गेला आणि अकरावा आला. दुसरीवर त्याचा देशबांधव अब्झल राकिमगालिएव गेला.

फिगर स्केटिंग हा वरवर पाहता अगदी एकट्याचा खेळ. एवढ्या मोठ्या बर्फाच्या चौकात एक माणूस, त्याचे संगीत आणि समोर पंच. टेनच्या कारकिर्दीचा मात्र या एकटेपणाच्या आतून अभ्यास करावा लागतो. जिथे या खेळाची परंपरा नाही, अशा ठिकाणचा पहिला खेळाडू स्वतःसाठी कमी आणि मागून येणाऱ्यांसाठी जास्त खेळत असतो, हे त्याच्या कारकिर्दीतून जितके स्पष्ट दिसते तितके कदाचित कोणत्याही विश्वविजेत्याच्या कारकिर्दीतून दिसणार नाही.

खेळ आणि त्याचे गणित

आपल्याकडे दूरदर्शनवर हा खेळ ‘बर्फावरचे नृत्य’ म्हणून पाहिला जातो. ते अर्धेच खरे आहे. बुटाखालचे पोलादी पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. त्याच्या मधोमध लांबीभर एक उथळ खोबण असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. पुढच्या टोकाला दाते असतात. कोणत्या धारेवरून उडी घेतली आणि दाते बर्फात रोवले की नाही, यावरून उडीचे नाव ठरते. अशा मुख्य उड्या सहा. त्यांतील तीन उड्या ज्यांनी प्रथम मारल्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात : नॉर्वेचे अ‍ॅक्सेल पॉल्सेन, स्वीडनचे उल्रिक साल्काव आणि ऑस्ट्रियाचे अलोइस लुट्झ. अ‍ॅक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात. उतरायचे मात्र प्रत्येक वेळी मागे सरकत, एका पायावर. म्हणून अ‍ॅक्सेलमध्ये अर्धी गिरकी जास्त होते. चार गिरक्यांची उडी, म्हणजे ‘क्वाड’, पाऊण सेकंदाच्या आतबाहेर संपते.

गुणांची पद्धत मल्लखांब पाहिलेल्या मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी-स्केटिंगच्या निकालावरून पंचांच्या संगनमताचे प्रकरण उघड झाले. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी रीत गेली आणि २००४ पासून नवी आली. तिच्यात प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेले मूळ गुण असतात. नऊ पंच ती कशी केली हे पाहून त्यांत भर घालतात किंवा कपात करतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. याखेरीज संपूर्ण सादरीकरणाला वेगळे गुण असतात; २०२२ पर्यंत ते बर्फावरची पकड, एका करामतीतून दुसरीत जाण्याची सफाई, रचना, संगीताची जाण अशा गोष्टींना दिले जात. टेनच्या काळी पुरुषांना दोनदा उतरावे लागे. आधी सुमारे पावणेतीन मिनिटांचा छोटा कार्यक्रम आणि नंतर साडेचार मिनिटांचा मोठा. दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल.

टेनची ताकद या दुसऱ्या पारड्यात होती. लहानपणी तो संगीतही शिकला होता. २००२ मध्ये कोरियातील बुसान येथे झालेल्या समूहगायनाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या वृंदाने रौप्यपदक मिळवले होते. ते संस्कार पुढे बर्फावर उपयोगी पडले. आपल्याकडे गवई तान कितीही फिरवून आणो, समेवर अचूक आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. टेनच्या उड्या तशा समेवर उतरत.

हुसकावलेल्यांचा वंशज

डेनिस टेनचा जन्म १३ जून १९९३ रोजी अल्माटीत झाला. कझाकस्तान स्वतंत्र होऊन तेव्हा दीड वर्षच झाले होते. घराणे मात्र कोरियन. त्याचे खापरपणजोबा मिन गुंग-हो हे जपानी सत्तेविरुद्ध लढलेल्या कोरियन स्वयंसैनिकांचे सेनानी. १९०७ मध्ये जपानने कोरियाचे सैन्य बरखास्त केले तेव्हा त्यांनी बंड केले, आणि १९०८ मध्ये ते मारले गेले. पुढे १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या सुमारे एक लाख सत्तर हजार कोरियन लोकांना रेल्वेगाड्यांत भरून हजारो किलोमीटर दूर कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून सोडले. तेथील कोरियन समाज आहे तो त्यांचा.

आमच्या खुलताबाद-दौलताबाद परिसरात राहणाऱ्याला ही कहाणी ओळखीची वाटते. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी हलवली आणि दिल्लीकरांना दौलताबादेस यायला भाग पाडले. त्या लोंढ्यात सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीबही आले आणि खुलताबादेतच विसावले. तुघलकाचा बेत फसला, राजधानी परत गेली, पण आलेल्यांतले काही राहिले आणि गावाची ओळख त्यांच्यावरून ठरली. हुसकावून आणलेली माणसे नव्या जागेला काय देऊन जातील याचा हिशेब हुकूम काढणाऱ्याला कधीच करता येत नाही.

अल्माटीला बर्फ कमी नव्हता. शहराच्या वर डोंगरात, १,६९१ मीटर उंचीवर मेदेओ ही जगप्रसिद्ध रिंक आहे. सोव्हिएत काळात वेगाच्या स्केटिंगचे कितीतरी विश्वविक्रम तिथे झाले. पण फिगर स्केटिंगचे शिक्षक आणि शाळा होत्या मॉस्को-लेनिनग्राडला. उघड्यावर, थंडीत कपड्यांवर कपडे चढवून टेन पहिले धडे शिकला. २००४ मध्ये आई त्याला घेऊन मॉस्कोला गेली आणि तो एलेना बुयानोव्हा यांच्या हाताखाली आला. २००८ मध्ये बेलारूसमधील गोमेल येथे त्याने कनिष्ठ गटाची ग्रां प्री जिंकली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाची स्पर्धा जिंकणारा तो पहिला कझाकस्तानी. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसचा तो आठवा क्रमांक आला. २०१० मध्ये तो कॅलिफोर्नियात फ्रँक कॅरोल यांच्याकडे गेला. अकराव्या वर्षी देश सोडलेला हा मुलगा बर्फावर उतरला तो कायम त्याच देशाच्या नावाने.

एक पूर्णांक तीन दशांश

२०१३ ची जागतिक स्पर्धा कॅनडातील लंडन या शहरात झाली. गतविजेता पॅट्रिक चॅन घरच्या प्रेक्षकांपुढे होता. छोट्या कार्यक्रमानंतर चॅनचे ९८.३७ आणि टेनचे ९१.५६. जवळपास सात गुणांची पिछाडी. मोठ्या कार्यक्रमात टेनने ‘द आर्टिस्ट’ या चित्रपटाच्या संगीतावर १७४.९२ गुण मिळवले. चॅनचे उतरले १६९.४१. बेरीज झाली तेव्हा चॅन २६७.७८ आणि टेन २६६.४८. एका पडण्याला एक गुण कापला जातो हे लक्षात घेतले, तर १.३० चे हे अंतर किती बारीक ते कळते. कझाकस्तानचे या खेळातले ते पहिले जागतिक पदक, आणि तेही रौप्य.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकला तो छोट्या कार्यक्रमानंतर ८४.०६ गुणांसह नवव्या क्रमांकावर होता. अशा जागेवरून पदक मिळत नाही, असाच सर्वसाधारण अनुभव. मोठ्या कार्यक्रमात त्याने शोस्ताकोविचच्या संगीतावर १७१.०४ गुण मिळवले आणि वरचे एकेक जण चुकत गेले. शेवटी तो २५५.१० गुणांवर तिसरा राहिला, चौथा आलेला स्पेनचा हावियर फर्नांदेझ २५३.९२ वर. सुवर्ण जपानच्या युझुरू हान्यूला मिळाले. सोचीत कझाकस्तानला मिळालेले एकमेव पदक टेनचे.

त्याची सर्वांत उजळ कामगिरी मात्र ऑलिंपिकमध्ये झाली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोल येथे झालेल्या चार खंडांच्या स्पर्धेत त्याने २८९.४६ गुणांनी सुवर्ण जिंकले. त्या वर्षीचा त्याचा मोठा कार्यक्रम यो-यो मा यांच्या ‘सिल्क रोड’ वाद्यवृंदाच्या संगीतावर होता. मिन गुंग-हो यांचा वंशज त्यांच्याच देशाच्या राजधानीत, मध्य आशियाचे सूर घेऊन, कझाकस्तानच्या नावाने पहिला आला. पुढच्या महिन्यात शांघायच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य मिळवले.

२०२२ चे हिवाळी ऑलिंपिक अल्माटीला मिळावे म्हणून जे प्रयत्न झाले त्यांचाही तो एक चेहरा होता. जुलै २०१५ मध्ये क्वालालंपूरला मतदान झाले. बीजिंग ४४, अल्माटी ४०.

उतार आणि अंत

स्केटरची कारकीर्द सांध्यांवर उभी असते. प्रत्येक उडीनंतर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एकाच घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो, आणि सरावात हे दिवसातून अनेकदा घडते. त्यातच चार गिरक्यांच्या उड्यांची शर्यत वाढत गेली. नव्या पोरांच्या एकेका कार्यक्रमात चार-पाच क्वाड येऊ लागल्या. २०१७ मध्ये टेनने घरच्या मैदानावर, अल्माटीच्या विद्यापीठ क्रीडास्पर्धेत सुवर्ण मिळवले. पण फेब्रुवारी २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकला तो आला तो घोट्याच्या दुखापतीतून उठून. छोट्या कार्यक्रमात तीस जणांत तो सत्ताविसावा आला. पुढे जातात चोवीस. पूर्वजांच्या देशातले ऑलिंपिक त्याच्यासाठी तीन मिनिटांच्या आत संपले.

१९ जुलै २०१८ रोजी अल्माटीत भर दुपारी दोघे जण त्याच्या मोटारीचे आरसे काढत होते. त्याने त्यांना अडवले. त्यांनी मांडीवर चाकूने वार केले, आणि रक्तस्रावाने तो काही तासांत गेला. वय पंचवीस. शहरातल्या क्रीडागृहात अंत्यदर्शनाला हजारो लोक आले. पुढच्या जानेवारीत दोघांना प्रत्येकी अठरा वर्षांची शिक्षा झाली. या मृत्यूला कसलाही अर्थ चिकटवता येत नाही. मोटारीचे दोन आरसे, एवढीच त्यामागची वस्तुस्थिती.

मागे काय उरले

अर्थ शोधायचा तर तो कारकिर्दीत. २०१९ मध्ये, टेनच्या मृत्यूनंतर वर्ष उलटायच्या आत, कझाकस्तानच्याच एलिझाबेत तुर्सिनबायेव्हाने जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. त्याच वर्षापासून अल्माटीत टेनच्या नावाने आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. सोचीत टेनला पदक मिळाले तेव्हा अल्माटीतला मिखाईल शायदोरोव्ह नऊ वर्षांचा होता. २०२५ मध्ये त्याने सोललाच चार खंडांची स्पर्धा जिंकली, टेननंतर बरोबर दहा वर्षांनी, आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत रौप्य घेतले. फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानच्या ऑलिंपिकला छोट्या कार्यक्रमानंतर तो पाचवा होता. मोठा कार्यक्रम संपला तेव्हा २९१.५८ गुणांसह पहिला. या खेळातले कझाकस्तानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण.

टेनमुळेच हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शायदोरोव्हच्या पायांतली ताकद त्याची स्वतःची, त्याचे गुरू अलेक्सेई उर्मानोव्ह हे १९९४ चे ऑलिंपिक विजेते. पण अल्माटीच्या नऊ वर्षांच्या मुलाने हा खेळ आपला मानावा, पंचांनी त्या देशाचे नाव ओळखीचे मानावे, घरच्या रिंकवर परदेशी स्पर्धक यावेत, या गोष्टी आपोआप होत नाहीत. त्या कुणीतरी आधी करून ठेवाव्या लागतात.

आता आपल्याकडे पाहू. सिमल्याची उघड्यावरची रिंक १९२० पासून आहे, ती थंडीच्या मर्जीवर चालते. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली, ती वर्षानुवर्षे बंद पडून राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. एकही भारतीय फिगर स्केटर आजवर हिवाळी ऑलिंपिकला उतरलेला नाही. चाकांवरचे चित्र वेगळे आहे. चाकांच्या कलात्मक स्केटिंगमध्ये उड्या त्याच : अ‍ॅक्सेल, साल्काव, लुट्झ. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबादच्या अनुपकुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत या प्रकारात एकेरी आणि जोडी अशी दोन कांस्यपदके मिळवली. २०१५ चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. २०२३ मध्ये हांगझोऊला रोलर स्केटिंगच्या ३,००० मीटर रिलेत भारताच्या पुरुष संघाने कांस्य घेतले. त्या चौघांत महाराष्ट्राचे सिद्धान्त कांबळे आणि विक्रम इंगळे होते.

म्हणजे पाय आहेत, तोल आहे, आईबापांची पहाटे पाचला मुलांना सरावाला नेण्याची तयारीही आहे. नाही ती वर्षभर चालणारी, छताखालची रिंक आणि तिथे नेमाने शिकवणारा माणूस. या दोन गोष्टी झाल्या तर कुणीतरी एक मुलगा किंवा मुलगी एखाद्या जागतिक स्पर्धेत आठवी-नववी येईल. त्या दिवशी पदक नाही म्हणून आपण बातमी उलटून पुढे जाऊ नये. त्या क्रमांकाने मिळालेल्या दुसऱ्या जागेवर पाठवायला आपल्याकडे कोण तयार आहे, हे तेव्हा पाहावे लागेल, आणि त्या दुसऱ्याची तयारी त्याच्या आधी दहा वर्षे सुरू झालेली असावी लागेल.