चिंगम आधी, सिंघम नंतर

फुरफुरीनगरात चोरी झाली रे झाली की पोलीस हजर होतो. खरं म्हणजे विडंबन इथूनच सुरू होतं. येतो तो इन्स्पेक्टर चिंगम. दाक्षिणात्य वळणाचं हिंदी, वाक्यावाक्याला ‘अय्यो’, आपल्या तावडीतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही ही बढाई, आणि ती पुरी होताच रुबाबात हवेत झाडलेली एक गोळी. झाड जवळपास असो वा नसो, त्या गोळीनं वरून नारळ सुटतो आणि थेट साहेबांच्या टाळक्यात बसतो. चोर तोवर पसार. पुढच्या भागात तीच बढाई, तीच गोळी, तोच नारळ. आणि पोरं दर वेळी तितकीच खदखदून हसतात.

हा चिंगम ज्यातला, ती ‘मोटू पतलू’ ही मालिका निकलोडियन वाहिनीवर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाली. पात्रं त्याहून पुष्कळ जुनी. १९६९मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘लोटपोट’ या हिंदी बालसाप्ताहिकातली ही जोडगोळी. कृपाशंकर भारद्वाज यांनी ती काढली, तेव्हा त्यांच्यासमोर कोण होतं हे सांगायला नको. एक जाडा, एक बारीक; एकानं घोळ घालायचा, दुसऱ्यानं तो निस्तरताना वाढवायचा. आपण मराठी माणसांनी लॉरेल-हार्डीचं ‘जाड्या-रड्या’ असं बारसं कधीच करून टाकलं होतं आणि चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊही याच भावकीतले. पडद्यावरचे मोटू-पतलू मात्र घडले मुंबईत, केतन मेहता आणि दीपा साही यांच्या कॉसमॉस-माया स्टुडिओत. दिग्दर्शक सुहास कदव, लेखक नीरज विक्रम. सुरुवातीच्या वर्षांत मोटू, पतलू, चिंगम, जॉन असे कितीतरी आवाज सौरव चक्रवर्ती या एकाच कलावंताचे. एकट्यानं स्वतःशीच भांडायचं, स्वतःलाच पकडायचं आणि स्वतःच्याच हातून निसटायचं. बहुरूप्याच्या या कसबाला दाद द्यायलाच हवी.

आता तारखा जुळवून पाहा. रोहित शेट्टीचा ‘सिंघम’ आला जुलै २०११मध्ये. शाहरुख खानचा ‘डॉन २’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. त्यानंतर वर्षाच्या आत मालिका सुरू होते आणि तिच्यात एक इन्स्पेक्टर चिंगम असतो, तर ‘नंबर वन’ आणि ‘नंबर टू’ असे दोन चेले बाळगून यमकात बोलणारा, डॉन व्हायच्या स्वप्नानं झपाटलेला जॉन नावाचा एक भुरटा चोर असतो. योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. मोटू समोसे खाल्ल्याशिवाय डोकं चालवत नाही आणि खाल्ले की एका बुक्कीत पाच जणांना लोळवतो, यातही १९२९ साली एल्झी सेगरनं काढलेला पालकवाला पॉपाय सहज ओळखू येतो. पालकाच्या जागी समोसा बसवणं ही तर मला फार मोठी अक्कल वाटते. भारतीय पोरांना पालकाच्या बळावर विश्वास ठेवायला लावणं आयांना जमलेलं नाही, अमेरिकेला काय जमणार!

चिंगमची वंशावळ त्याहून मजेदार आहे. हिंदी ‘सिंघम’ हा २०१०च्या तमिळ ‘सिंगम’चा अवतार, तिथला नायक सूर्या. हिंदीत येताना तो मराठी झाला. बाजीराव सिंघम हे नाव आणि ‘आता माझी सटकली’ हे वाक्य अजय देवगणच्या तोंडी देशभर गाजलं. त्या मराठी सिंघमचं कार्टून निघालं तेव्हा त्याला पुन्हा दक्षिणेची बोली मिळाली, रजनीकांत छापाची ऐट मिळाली. आणि रजनीकांत कोण? बंगळुरूत मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड. एका इन्स्पेक्टरच्या टोपीखाली तमिळ, मराठी आणि हिंदी अशी तीनदा ये-जा झालेली आहे. चार वर्षांच्या प्रेक्षकाला यातलं काहीही ठाऊक नसतं. तो नारळाला हसतो.

या लेखाचं खरं कारण तेच. विडंबनाची आपली रीत अशी की मूळ आधी माहीत हवं. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सिनेमावर प्रहसन व्हायचं तेव्हा त्या सिनेमाची मंडळी बहुधा समोरच बसलेली असायची आणि प्रेक्षकाला मूळ प्रसंग पाठ असायचा किंवा त्याची जाहिरात तरी पाठ असायची. कार्टूनमध्ये ही रीत उलटी होते. नक्कल आधी भेटते, अस्सल नंतर. कधी कधी भेटतही नाही.

माझी ताई लखनौला वृंदावन योजनेत राहते. रायबरेली रस्त्यावर, तेलीबागच्या पुढे आवास विकास परिषदेनं वसवलेली ही भलीमोठी वसाहत. पत्ता म्हणजे सेक्टरचा आकडा. माझा भाचा शाळेतून आला की कपडे बदलायच्या आधी टीव्ही लावतो. एका दिवाळीत कुठल्याशा वाहिनीवर ‘सिंघम’ लागला होता. गाडीतून उतरणारा, गॉगल लावणारा, गुंडाला हवेत फेकणारा देवगण त्यानं थोडा वेळ शांतपणे पाहिला आणि म्हणाला, “मामा, हा चिंगमची नक्कल करतोय. पण याच्या डोक्यावर नारळ का पडत नाही?” ताईनं त्याला खरं काय ते समजावायचा प्रयत्न केला. त्याला ते पटलं नाही. त्याच्या अनुभवात चिंगमच थोरला होता आणि थोरल्याला मान द्यायचा हे घरात शिकवलेलं.

त्याच वसाहतीत, त्याच पोराच्या बाबतीत, उलट उदाहरणही सापडतं. कार्टून नेटवर्कवर २०१०मध्ये आलेल्या ‘रोल नंबर २१’मध्ये कृष्णाचा अवतार असलेला क्रिस हा शाळकरी मुलगा आणि कंसाचा अवतार असलेला मुख्याध्यापक कनिष्क आमनेसामने असतात. राक्षस यंत्रमानव होऊन येतात आणि मामाचा छळ शाळेच्या शिस्तीच्या नावाखाली चालतो. इथं पोरं जुन्या रीतीनं हसतात, कारण कंस आणि कृष्ण त्यांना आजीनं आधीच सांगितलेले असतात. त्या गोष्टीत मामा हाच खलनायक असल्यामुळे मी फार चर्चा वाढवली नाही.

लखनौला नकलेचा हा खेळ नवा नाही. मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७मध्ये इथूनच ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक काढलं. टिंगल, व्यंगचित्रं, नव्या विलायती चालीरीतींची रेवडी, समकालीन लेखकांच्या शैलीची नक्कल, असा सगळा मसाला. अकबर इलाहाबादींसारखे कवी त्यात लिहीत. नाव उचललेलं होतं १८४१पासून निघणाऱ्या लंडनच्या ‘पंच’वरून. आणि लंडनच्या ‘पंच’नं आपल्या नावाखाली ‘लंडनचा शारिवारी’ असं लिहून पॅरिसच्या १८३२च्या ‘शारिवारी’चं ऋण उघडपणे मिरवलं होतं. चौकात उभं राहून ‘अवध पंच’ वाचून हसणाऱ्या लखनवी वाचकाला पॅरिस कुठलं ठाऊक असणार? त्याचं काही अडलं नाही.

मराठीतही हेच घडलं, फक्त त्याला वेळ लागला. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ १९२५मध्ये छापली तेव्हा ज्या रविकिरण मंडळाच्या कवींची त्यांनी टर उडवली, ते मंडळ ऐन भरात होतं. वाचकाला मूळ कविता तोंडपाठ आणि कवी रस्त्यात भेटणारे. आज शंभर वर्षांनी ‘झेंडूची फुले’ वाचणारे आहेत. मूळ कविता वाचणारे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या कपाटाकडे बघून ठरवावं. विडंबन मुळाला पुरून उरतं. कार्टून तेच शंभर वर्षांऐवजी एका वर्षात करून दाखवतं, कारण त्याचा प्रेक्षक दर तीन-चार वर्षांनी पुरता नवा असतो.

अमेरिकेत याचा अनुभव जुना आहे. चक जोन्सनं १९५७मध्ये बग्ज बनीच्या एका सात मिनिटांच्या चित्रपटात वाग्नरचे ऑपेरे कोंबले. वाग्नरची ती प्रसिद्ध धून पुढे कित्येकांच्या कानात बसली ती सशाच्या मागे भाला घेऊन धावणाऱ्या एल्मर फडमुळे. ‘द फ्लिन्टस्टोन्स’ १९६०मध्ये आली तीही ‘द हनीमूनर्स’ या गाजलेल्या मालिकेच्या साच्यावर बेतून. आपल्याकडे कार्टून नेटवर्क १९९५मध्ये आलं आणि फ्रेड फ्लिन्टस्टोन घराघरात शिरला. ‘हनीमूनर्स’चं नावही कुणी ऐकलं नव्हतं. ‘द सिम्पसन्स’नं १९८९पासून तर या प्रकाराचा उद्योगच मांडला. त्यांच्या आत चालणारं ‘इची अँड स्क्रॅची’ हे ‘टॉम अँड जेरी’चं रक्तबंबाळ रूप, आणि १९९३च्या एका भागात सबंध ‘केप फिअर’ सिनेमाची खिल्ली. तो सिनेमा स्वतःच १९६२च्या सिनेमाची नवी आवृत्ती होता.

भारतीय पोरांच्या दृष्टीनं यातलं सगळ्यात चोख उदाहरण जपानचं आहे. योशितो उसुईंच्या शिनचॅनचा आवडता हीरो अॅक्शन कामेन. जपानी माणसाला तो पाहताक्षणी कळतं की ही ‘कामेन रायडर’सारख्या मुखवटेधारी टीव्ही-वीरांची थट्टा आहे. पोज थोडी जास्तच, हसणं थोडं जास्तच मोठं. आपल्याकडे ते मूळ वीर फारसे पोचले नाहीत. त्यामुळे हिंदीत शिनचॅन पाहून वाढलेल्या पिढीला अॅक्शन कामेन हा अगदी सरळ, खराखुरा हीरो वाटतो. थट्टा प्रवासात गळून पडली आणि भक्ती तेवढी उरली.

‘चिंगम’सारखं नाव थोडं फिरवून घेण्यामागे कायद्याचीही थोडी जाण असतेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४मध्ये कॅम्पबेल विरुद्ध अॅकफ-रोझ या खटल्यात विडंबन हा मूळ कृतीचा रास्त वापर ठरू शकतो असं सांगितलं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि समीक्षेला मोकळीक आहे, विडंबनाचं वेगळं नाव नाही. केरळ उच्च न्यायालयानं मात्र १९९६मध्ये सिविक चंद्रन यांच्या नाटकाला संरक्षण दिलं. तोप्पिल भासींच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकातली पात्रं आणि प्रसंग घेऊनच त्याला उत्तर देणारं ते प्रतिनाटक होतं. तेव्हा वाट अगदीच बंद नाही. पण ‘सिंघम’च्या जागी ‘चिंगम’ म्हटलं की वकिलाची पायरी चढावी लागत नाही आणि पोरांना चघळायला नावही मिळतं.

अलीकडे निर्मात्यांनी दुसरी वाट धरली आहे. २०१८मध्ये डिस्कव्हरी किड्सवर ‘लिटल सिंघम’ आला, रीतसर रोहित शेट्टीच्या कंपनीच्या सहभागानं. मिर्चीनगरचं रक्षण करणारा हा छोटा पोलीस. पुढच्याच वर्षी ‘गोलमाल ज्युनिअर’. मग कॉसमॉस-मायानंच २०२१मध्ये ‘दबंग’चं कार्टून काढलं. चुलबुल पांडे हा तर उत्तर प्रदेशचाच पोलीस, म्हणजे वृंदावन योजनेच्या पोरांचा गाववाला. मूळ सिनेमातले छेदी सिंग, बच्चा भैया, बाली हे खलनायकही त्यात आहेत. रक्त गेलं, लाच खाणारा ‘रॉबिन हूड’ पोलीस जवळजवळ सज्जन झाला. सगळं परवानगीनं, हक्क विकत घेऊन, मूळ नावासकट.

मला यात एक तोटा दिसतो. परवानगी घेतलेली नक्कल मूळ माणसाला हसू शकत नाही. लिटल सिंघम शूर आहे, चपळ आहे, सिंहासारखी पंजाची पोज घेतो आणि जिंकतो. देवगणनं घेतलेली तीच पोज लहान अंगावर जरा जास्त गोड दिसते, एवढाच फरक. हक्क विकणाऱ्या घराला आपल्या नायकाची शोभा झालेली कशी चालेल? चिंगमवर असं कुणाचं ओझं नाही. तो गणवेशातल्या रुबाबाची, हवेत झाडलेल्या गोळीची, स्वतःच्या कीर्तीवर भाळलेल्या साहेबाची यथेच्छ फजिती करतो. हिंदी सिनेमातल्या वर्दीची इतकी सातत्यानं टर उडवणारं दुसरं काही आज टीव्हीवर मोठ्यांसाठी तरी चालू आहे का, मला आठवत नाही. भाच्याला मात्र दोन्ही आवडतात. त्याच्या वहीवर लिटल सिंघमचं स्टिकर आहे आणि चोर-पोलीस खेळताना तो चिंगम होतो, कारण त्या भूमिकेत टाळक्यावर हात मारून धाडकन पडता येतं.