तिकीट वेगळे, विमा वेगळा

विमानप्रवास ऐनवेळी रद्द करावा लागला, तर तिकिटाचे जे पैसे परत मिळत नाहीत ते भरून देणारे संरक्षण म्हणजे प्रवास रद्दीकरण विमा. तो दोन प्रकारे घेता येतो: तिकीट काढतानाच पडद्यावरच्या चौकोनात टिक करून, किंवा तिकीट हाती आल्यावर विमा कंपनीकडून स्वतंत्र पॉलिसी घेऊन. भारतात नुसता रद्दीकरणाचा विमा सुटा क्वचितच मिळतो. बहुधा तो प्रवास विम्यातले एक कलम असतो आणि त्या कलमाला रकमेची वेगळी मर्यादा असते.

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरातून गेवराई, शहागड, पाचोडमार्गे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ सुमारे सव्वाशे किलोमीटर पडते; पुणे आणि मुंबई त्याहून लांब. त्यामुळे इथल्या माणसाचा प्रवास विमान सुटण्याच्या कितीतरी तास आधी रस्त्यावर सुरू होतो. पण रस्त्यात गाडी अडकून विमान सुटले, तर विम्याच्या भाषेत ते रद्दीकरण नव्हे. ‘विमान चुकणे’ हे निराळे कलम आहे आणि ते प्रत्येक पॉलिसीत नसते.

तिकिटासोबतचा विमा ‘पैसे भरा’च्या बटणाआधी दिसतो. तो सोपा आणि स्वस्त असतो. मात्र कंपनी कोणती आणि मर्यादा किती, हे बारीक अक्षरांत असते. पूर्वी अनेकदा ही टिक आधीच केलेली असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ग्राहकाला न विचारता तिकिटासोबत प्रवास विमा जोडणे आणि विमा नाकारणाऱ्याकडून ‘मी असुरक्षित राहीन’ अशा ओळीवर क्लिक करवून घेणे, ही दोन्ही उदाहरणे त्यांत आहेत. ‘मोफत रद्द करा’ नावाची जादा सोयही इथेच दिसते. तीत कारण विचारत नाहीत, पण ती सहसा तिकीट विकणाऱ्याची स्वतःची सेवा असते, विमा नव्हे.

स्वतंत्र पॉलिसी एजंटकडून, कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तालुक्याच्या गावात ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानातून काढता येते. प्रवासाच्या तारखा, प्रवाशांची वये आणि जुने आजार भरावे लागतात. मधुमेह, रक्तदाब लपवला तर दावा तिथेच अडतो. वेगळी पॉलिसी घेण्याचा फायदा असा की ती एका तिकिटाला बांधलेली नसते. तिच्या अटींप्रमाणे हॉटेलचे आगाऊ पैसे आणि दुसऱ्या कंपनीचे पुढचे विमानही तीत येऊ शकते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. रद्दीकरणाचे कलम त्या सक्तीत येत नाही, ते पॉलिसीत आहे का हे पाहून घ्यावे लागते.

खरी मेख कारणांच्या यादीत असते. प्रवाशाचा अचानक गंभीर आजार, अपघात, मृत्यू आणि जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ही नेहमीची मान्य कारणे. ‘जवळचा’ म्हणजे कोण, हे मात्र पॉलिसी ठरवते: साधारणपणे पती-पत्नी, आईवडील, मुले, कुठे सख्खी भावंडे आणि सासूसासरे. चुलत काका वारले आणि भावकीत दहा दिवसांचे सुतक पडले, तर घरातली बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात जातात. रिवाजाने प्रवास रद्दच होतो. पण विम्याच्या यादीत चुलत काका बहुधा नसतात. बेत बदलणे, लग्नाची तारीख पुढे जाणे, सुट्टी न मिळणे ही कारणेही सहसा चालत नाहीत. व्हिसा नाकारला जाणे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर परतावा किंवा पर्यायी विमान देणे ही आधी तिची जबाबदारी.

विमा फक्त न परतलेली रक्कम पाहतो. समजा, दोन तिकिटांचे 40,000 रुपये झाले आणि विमान कंपनीने 9,000 परत केले. तोटा 31,000 चा. पण रद्दीकरणाची मर्यादा 25,000 असेल, तर त्याहून जास्त मिळत नाही. पॉलिसीत वजावट लिहिली असेल तर तीही सोसावी लागते. परताव्याच्या अटीत न बसणाऱ्या तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते, ते आधी मागून घ्यावे.

पीकविम्यात स्थानिक आपत्तीची खबर 72 तासांत देण्याची अट बीडच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पाळली. इथेही वेळेचे तसेच आहे. पॉलिसी तिकिटानंतर लगेच घ्यावी, कारण आजार आधीच माहीत असेल तर त्याच कारणाचा दावा टिकत नाही. प्रसंग आला की आधी तिकीट रद्द करावे, मग कंपनीला कळवावे. तिकीट, रद्द केल्याची पावती, परताव्याचा तपशील, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला जोडावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसते ‘विश्रांती’ पुरत नाही. रुग्ण कोणत्या तारखांना प्रवासास अयोग्य होता, हे त्यात स्पष्ट हवे.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. बीड जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.