हवेली मावली नाही, बाहुला मावला

मराठी वाहिन्यांवर ‘अशी ही बनवाबनवी’ किंवा ‘झपाटलेला’ आजवर किती वेळा लागला, याची मोजदाद कुणी ठेवली नसेल. तरीही तो लागला की मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या घरांत लोक पुन्हा बघत बसतात आणि पुढचं वाक्य पात्राच्या आधी बोलतात. याला आपण सवयीने ‘जुन्या आठवणींत रमणं’ म्हणतो. हे उत्तर सोपं आहे, पण पुरं पडत नाही. आठवणींवरच सगळं चालत असतं, तर 1980 ते 95 या काळातले सगळेच मराठी चित्रपट असे टिकले असते. तसं झालेलं नाही. त्या काळातले कितीतरी विनोदी चित्रपट आज नावानेही आठवत नाहीत, आणि चार-पाच मात्र घरातल्या माणसांसारखे झाले आहेत. हे चित्रपट घराविषयीचे आहेत, आणि ते घरात बसून पाहिले गेले, म्हणून टिकले असं मला वाटतं. मुंबईच्या उपनगरांचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास शेजारी ठेवल्याशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही.

त्या प्रवासाची सुरुवात 1982च्या आसपास धरायला हरकत नाही. त्या वर्षी जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. गिरगाव, लालबाग, परळमधली खोली सोडून उपनगरात सरकणं आधीपासून चालू होतं, त्याला आता वेग आला. मराठी चित्रपटाची हक्काची थिएटरं मात्र मागेच राहिली: दादरचं प्लाझा, लालबागचं भारतमाता. उपनगरांतल्या बहुतेक थिएटरांची मदार हिंदीवर होती आणि पुढे ती थिएटरंही कमी होत गेली. अंधेरीला स्वामी विवेकानंद रस्त्यावर अंबर-ऑस्कर-मायनर ही थिएटरं होती. तिथे 1991 साली शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उघडलं. मग मराठी चित्रपट उपनगरात पोचला तो दूरदर्शनवरून, रात्रीपुरत्या भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवरून, गणेशोत्सवात सोसायटीच्या पटांगणात लावलेल्या पडद्यावरून आणि केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनलवरून. 1999मध्ये अल्फा मराठी आणि 2007मध्ये झी टॉकीज आल्यावर तर तिकिटाच्या रांगेशी त्याचा संबंधच तुटला. ज्या खोलीत जेवण होई, अभ्यास होई, रात्री अंथरुणं पडत, तिथेच आजी, आई-बाबा आणि मुलं एकत्र बसून तो बघत. एकट्याने बघायची सोयच नव्हती. त्यामुळे तिन्ही पिढ्यांना चालेल तोच चित्रपट दुसऱ्यांदा लागणार, हे ठरलेलं होतं.

‘अशी ही बनवाबनवी’ 1988चा. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. कथा पुण्यात घडते, पण तिचा प्रश्न मुंबईकराच्या रोजच्या ओळखीचा आहे: राहायला जागा मिळत नाही. घरमालकिणीला फक्त जोडपी चालतात, म्हणून चार तरुणांपैकी दोघं साडी नेसतात. एरवी साडी नेसलेला पुरुष हा दहा मिनिटांत शिळा होणारा विनोद. इथे तो शिळा होत नाही, कारण साडी फाटली तर डोक्यावरचं छप्पर जाणार आहे. दुसरं कारण मराठी भाषेतच आहे. मराठीत पुरुष ‘आलो’ म्हणतो, बाई ‘आले’ म्हणते. म्हणजे परशुरामाची पार्वती आणि सुधीरची सुधा झाली की प्रत्येक क्रियापदाशी पकडलं जाण्याची भीती उभी राहते. अशोक सराफांचा धनंजय माने बायकोची ओळख करून देताना ‘ही’च्या जागी ‘हा’ म्हणून जातो. एका अक्षराची चूक, पण तिच्यात सगळं बिऱ्हाड रस्त्यावर यायची शक्यता दडलेली आहे. पहिल्यांदा पाहताना आपण पुढे काय होतं ते बघतो. पाचव्यांदा पाहताना आपलं लक्ष सराफांच्या जिभेवर असतं, ती घसरण्याआधीच्या क्षणभराच्या थांबण्यावर असतं. ही गंमत पहिल्या वेळेला हाती लागतच नाही.

आता भयपटाकडे येऊ. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ 1984चा, ‘वीराना’ 1988चा. त्यांनी या देशाला घाबरवलं यात शंका नाही, पण त्यांच्या भुताला हवेली लागते, तळघर लागतं, लांबच लांब बोळ लागतो. ट्यूबलाइटच्या उजेडात, शेजारच्या घरातला कुकर ऐकू येत असताना ते भूत टीव्हीवर एवढंसं होऊन जातं. महेश कोठारे यांनी 1993च्या ‘झपाटलेला’मध्ये भुताचं आकारमानच बदललं. तात्या विंचू हा खुनी गुंड मरता मरता मृत्युंजय मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो. बाहुल्याला हवेली लागत नाही. कथा गावात घडत असली तरी तो बाहुला उपनगरातल्या कुठल्याही घरात मावतो, कारण त्याची जागा तिथे आधीच तयार आहे: टीव्हीच्या शेजारची काचेची शोकेस. तिच्यात ट्रॉफ्या, शंख-शिंपले, कुणीतरी परगावाहून आणलेली बाहुली. चित्रपट संपल्यावर मुलांची नजर तिकडे जाणारच. पडद्यावरची भीती खोलीतल्या वस्तूवर येऊन बसली, हे त्या चित्रपटाचं खरं यश. रामदास पाध्ये यांनी तो बाहुला घडवला आणि हलवला, दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्याच्यासमोर उभं राहून तो जिवंत आहे हे आपल्याला पटवलं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. निर्जीव वस्तूकडे बघून माणसाच्या अंगाला काटा यायला हवा, आणि त्याच क्षणी बघणाऱ्याला हसूही फुटायला हवं. पुन्हा पाहताना बाहुल्याची भीती ओसरते, पण बेर्डेंच्या लक्ष्याची भीती ओसरत नाही. आपल्या खरं बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, ही त्याची भीती मोठ्या माणसाला जास्त कळते.

म्हणूनच 2013चा ‘झपाटलेला 2’ मागे वळून पाहताना वेगळा दिसतो. तो थ्रीडीत होता, त्याला थिएटरातला चष्मा हवा होता, आणि लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजीच गेले होते. तंत्र पुढे गेलं, पण बाहुल्यावर विश्वास ठेवणारा तो चेहरा नव्हता. घरच्या टीव्हीवर थ्रीडी गळून पडतं आणि ही उणीव तेवढी उघडी पडते. त्यामुळे दोन्ही भाग सलग पाहायला बसलं तरी मन पहिल्याच भागाकडे परत जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं उसनं आहे. ‘झपाटलेला’ 1988च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून, ‘बनवाबनवी’ हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’वरून. हे खरं आहे आणि लपवण्याचं कारण नाही. पण आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ हे नाटकही ‘चार्लीज आंट’वरून आलेलं आहे, आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती मावशी अशी रंगवली की लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत राहिले. हेच विजय चव्हाण ‘झपाटलेला’त हवालदार आहेत. बी कुठून आलं यापेक्षा ते कुठल्या मातीत धरलं हे आपल्या रंगभूमीने नेहमी महत्त्वाचं मानलं. कीर्तनाला बसणाऱ्यांना आख्यान पाठ असतं. ते कथा ऐकायला जात नाहीत, बुवा ती कशी सांगतात ते ऐकायला जातात. घरात जुना चित्रपट पुन्हा लावणारा माणूस त्याच श्रोत्याचा वारस आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुन्यालाच कवटाळलं तर नव्या मराठी चित्रपटाला प्रेक्षक कुठून मिळणार? आणि या चित्रपटांत आज खटकावं असं काहीच नाही का? आहे. प्रेमासाठी बाईला फसवणं तिथे सहज माफ होतं, नायिकांच्या वाट्याला फार थोडं काम येतं, आणि मुलीसोबत पाहताना हे तिला बोलून दाखवायला हवं. पण दोष दिसतात तेही पुन्हा पाहिल्यामुळेच. नव्याचं म्हणाल, तर मराठी चित्रपटाला सोयीचे खेळ मिळत नाहीत हा प्रश्न थिएटरच्या वेळापत्रकाचा आहे, घरातल्या रविवार दुपारचा नाही. उलट मराठी संवादाची सवय ज्या मुलाला या चित्रपटांनी लावली, तेच मूल उद्या नव्या मराठी चित्रपटाचं तिकीट काढेल. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कानावर ‘आलो’ आणि ‘आले’ मधला विनोद पडणं ही आजच्या उपनगरात लहान गोष्ट नव्हे.

या काळाचा हिशेब मांडताना एक गोष्ट राहून राहून जाणवते. तेव्हाच्या चार मजली इमारती पाडून पुनर्विकासाचे टॉवर उभे राहत आहेत, शोकेसच्या जागी भिंतीएवढा टीव्ही आला आहे. पण अंधेरीत मालिका-चित्रपटांत काम शोधायला आलेले तरुण आजही चौघं-पाचजण मिळून एक घर घेतात, अकरा महिन्यांचा करार करतात, आणि कितीतरी सोसायट्या त्यांना सांगतात की इथे फक्त कुटुंबं चालतात. ‘बनवाबनवी’ची अडचण अजून सुटलेली नाही. तोवर तो चित्रपट जुना झाला असं म्हणता येणार नाही.