आरशापुढचा तास

टिळकवाडीतील आमच्या एका स्नेह्यांकडे मध्यंतरी बसलो असता त्यांच्या तिसरीतील नातीने दप्तरातून एक पत्रक काढून आमच्या हाती दिले. शाळा सुटल्यावर रोज एक तास, वय वर्षे सहा ते दहा, फक्त मुलींसाठी. केशभूषा, नखांची सजावट, चेहऱ्याची निगा, मेंदी आणि शेवटच्या दिवशी स्पर्धा. आजी म्हणाल्या, "रांगोळी शिकवतात, तसं हेही शिकवतील. जाऊ दे की." सून कामावरून सहाला परतते, तोवर मुलगी ओळखीच्या घरी चार मैत्रिणींत बसेल, हाही हिशेब त्यात होता. तो हिशेब तुच्छ लेखण्याजोगा नाही, म्हणून आम्हीही काही बोललो नाही. पंधरवड्यानंतर पुन्हा गेलो, तेव्हा तीच मुलगी आरशात आपला चेहरा दोन्ही बाजूंनी न्याहाळीत होती. "आजी, माझं नाक बसकं आहे, म्हणून कडेनं गडद लावायचं असतं ना?" आजी निरुत्तर झाल्या. त्या नाकात दोष आहे, हे आठ वर्षांत त्या घरात कोणाच्या ध्यानीमनीही आले नव्हते.

तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळतो आहे. पोरीबाळींनी नटू नये, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे. नटण्याची हौस नसलेले मूल आम्ही पाहिलेले नाही. आईची साडी गुंडाळून, ओठांना विड्याचा लाल रंग लावून मिरवणारी चिमुरडी घराघरांत असते. प्रश्न आहे तो शाळा सुटल्यानंतरच्या त्या एका तासाचा.

निपाणीकडील वाचकांना या तासाचे मोल वेगळे सांगावयास नको. ज्या गावाचा प्रपंच तंबाखूच्या वखारींवर आणि विड्यांवर उभा राहिला, तेथे हा तास मुलीचा स्वतःचा क्वचितच असे. आई मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून विडी वळी, आणि लहान बोटे चपळ म्हणून विडीचे तोंड मुडपून बंद करण्याचे काम मुलीकडे येई. पाटीदप्तर कोपऱ्यात पडे. १९८० च्या सुमारास वखारीतल्या स्त्रिया संघटित झाल्या. १९८२ साली 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने त्यांच्या लढ्यावर चित्रपटही काढला. पुढे १९८६ च्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना निषिद्ध ठरविलेल्या कामांच्या यादीत विडीचे काम घातले. परंतु घरच्या माणसांसमवेत घरात चालणाऱ्या कामाला त्यातून सूट होती, आणि विडी तर घरातच वळली जाई. म्हणजे कायदा झाला, तरी उंबरठ्याच्या आतला तास तसाच राहिला. तो जेथे सुटला, तेथे आयांनीच सोडविला. स्वतः चार विड्या अधिक वळून, मुलीला "तू अभ्यासाला बस" असे सांगून. आज त्यांतल्या कित्येकींच्या नाती शाळेत आहेत. आजीची नखे पाने मुडपून झिजली आणि तंबाखूने पिवळी पडली. नातीच्या नखांवर फुले काढली जातात, याचा त्या आजीला आनंद वाटला तर तो आम्ही समजू शकतो. आम्हांला खंत वाटते ती निराळ्या कारणाने. इतक्या कष्टाने मोकळा झालेला तास मुलीने आपल्याच चेहऱ्यातील उणिवा शोधण्यात घालवावा काय?

या तासाची जुनी रीत आपल्याकडे होतीच. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्तीचे चित्र मांडून गल्लीतल्या मुली हादग्याला जमत. शाळेतून आल्या की परकर-पोलके, दोन वेण्या, अबोलीचा वळेसर असा जामानिमा होई. मग फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा गलका. डबा वाजवून आतला पदार्थ ओळखायचा, यात अर्धा तास सहज जाई. वेणी सुटली, गजरा ओघळला, याची कोणाला शुद्ध नसे. तेथे नटणे ही खेळाची पूर्वतयारी होती. खेळ सुरू झाला की ते विसरले जाई. सावळी, गोरी, बसक्या नाकाची, पुढे दात आलेली अशा साऱ्या एकाच फेरात हात धरून फिरत, आणि खिरापत सर्वांना सारखी मिळे. पत्रकातील वर्गात मात्र नटणे हेच काम आणि आरसा हाच सवंगडी. शेवटी स्पर्धा असल्यामुळे शेजारची मैत्रीण ही मैत्रीण राहत नाही, तुलनेचे माप होते.

पण सगळा दोष वर्गाच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. हा वर्ग आपल्या घरात फार पूर्वीपासून, बिनफीचा चाललेला आहे. तान्हीला डाळीच्या पिठाने रगडून तिचा रंग उजळविण्याची खटपट, नाक दोन बोटांत धरून सरळ करणे, "मोठी सावळी, धाकटी मात्र उजळ" हे पाहुण्यांसमोरचे बोलणे, आणि गर्भारपणातले केशरदूध! १९७५ साली रंग उजळविण्याचे मलम बाजारात आले, ते आपल्या या बोलण्याच्या भांडवलावरच चालले. २०२० साली त्या मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकण्यात आला. आपल्या वधूवरांच्या जाहिरातींतून तो अजून गेलेला नाही. वर्ग चालविणाऱ्या बाईंनी मुलीला नवे काही शिकविले नाही; आपण अर्धवट सोडलेले वाक्य त्यांनी पुरे केले, इतकेच.

शरीराच्या अंगानेही चार शब्द सांगितले पाहिजेत. लहान मूल बोटे तोंडात घालते, म्हणून नखांचा रंग पोटात जातो. तो पुसण्याच्या औषधात बहुधा ॲसिटोन असते. ते झपाट्याने पेट घेते, आणि बंद खोलीत त्याच्या उग्र वाफा नाकात जातात. चिकट टिकलीच्या गोंदातील एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. आपल्या समाजात कपाळावरच्या अशा डागाचा कोणता अर्थ लावला जातो आणि मुलीला तो किती काळ छळतो, हे सांगणे नको. सुरम्यात शिसे आढळल्याच्या नोंदी आहेत. आजीच्या हातचे घरगुती काजळसुद्धा बाळाच्या डोळ्यांत घालू नये, असे डॉक्टर सांगतात. प्रौढांच्या सुरकुत्यांसाठी काढलेली आम्लयुक्त प्रसाधने आता लहान मुलीही मागू लागल्या आहेत. स्वीडनमधील औषधांच्या दुकानांच्या एका साखळीने २०२४ साली अशा वस्तू पंधरा वर्षांखालील मुलांना विकावयाच्या नाहीत, असे ठरविले. फ्रान्सच्या सिनेटने तर २०१३ सालीच सोळा वर्षांखालील मुलींच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घालण्याच्या बाजूने मत दिले होते. तेथील मंडळी काही सौंदर्याची वैरी नव्हेत.

मग लहान मुलांना नीटनेटकेपणा शिकवूच नये काय? अवश्य शिकवावा. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांतून अक्षरओळखीच्या आधी अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे यांना स्थान मिळाले. आरसा तेथेही होता. पण मुलाने भांग सरळ पडला की नाही ते स्वतः पाहून घ्यावे, एवढेच त्याचे काम. आणि ते मुलांनाही होते, मुलींनाही. आमच्या हाती आलेल्या पत्रकात 'फक्त मुलींसाठी' हे दोन शब्द ठळक छापलेले होते. दहा वर्षांच्या मुलाची नखे कोणी कापावयाची?

एखादा वर्ग वेणी घालणे, गजरा गुंफणे, रांगोळी, मेंदी असे हाताचे कसब शिकवीत असेल, चेहऱ्याला हात लावीत नसेल आणि स्पर्धा घेत नसेल, तर सहाला घरी येणाऱ्या आईने मुलीला तेथे खुशाल पाठवावे. चेहऱ्याची निगा राखावयाची असेल तर आठव्या वर्षी पाणी आणि साधा साबण पुरे. ज्या वर्गाची फी भरावयाची, तेथे आधी एकदा स्वतः जाऊन तासभर मागे बसावे आणि काय बोलले जाते ते ऐकावे. काय लावले जाते, त्याहून ते ऐकणे अधिक महत्त्वाचे आहे.

आमच्या स्नेह्यांच्या नातीचा वर्ग बंद झाला. ती थोडी रुसली, कारण तिच्या दोन मैत्रिणी अजून जातात. तिच्या आजीने श्रावणाची वाट न पाहता परसातल्या मेंदीचा पाला ओरबाडून पाट्यावर वाटावयास घेतला आणि वरवंटा तिच्या हाती दिला. मेंदी पातळ झाली, नक्षी पसरली, आणि रात्रभर फडके बांधून झोपल्यावर सकाळी तळवे नारिंगी निघाले. हाच मेंदीचा खरा रंग. तो एकदोन दिवसांनी गडद होतो. अर्ध्या तासात काळा रंग देणारे जे कोन बाजारात मिळतात, त्यांत केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन मिसळलेले असू शकते. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती जन्मभर राहू शकते. नागपंचमीला मुलींच्या हातांवर मेंदी काढावयाची असेल, तर पाला आदल्या दिवशीच आणून ठेवावा.