तेच प्रश्न पुन्हा का विचारतात?

बेत होलिममध्ये राहून आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते. मियूनमध्ये एकाने सगळे विचारून लिहून घेतले, वॉर्डात दुसऱ्याने विचारले, आणि मग गळ्यात नवाकोरा स्टेथस्कोप अडकवलेली दोन कोवळी पोरे येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. "कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळे, तिथे वाचा!" असे आपण वैतागून म्हणतो. ही मुले त्या वेळी काय शिकत असतात ते थोडे समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, पण प्रश्न विचारण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

रुग्णाची हकिकत घेण्याला इथले डॉक्टर 'अनामनेझा' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ आठवण. यंत्रे एवढी वाढली, मग या आठवणीची किंमत काय? ब्रिटनमध्ये १९७५ साली बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ६६ जणांचे निदान, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकूनच बरोबर ठरले होते. अंगाच्या तपासणीचा निर्णायक उपयोग ७ जणांना झाला आणि रक्त वगैरे तपासण्यांचा आणखी ७ जणांना.

विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो गप्प बसण्याचा. "काय होतंय?" असा मोकळा प्रश्न टाकायचा आणि ऐकायचे. "छातीत दुखतं ना?" असे विचारले की उत्तर प्रश्नातच देऊन टाकले, वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला इन्स्पेक्टर झापत असत. पण हा धडा सोपा नाही. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडत होते असे दिसले. मोकळ्या प्रश्नानंतर बारीक प्रश्न येतात: कुठे दुखते, कधीपासून, कसे, कुठे सरकते, कशाने वाढते, कशाने थांबते, सोबत आणखी काय होते. मग जुने आजार, ऑपरेशने, औषधे, आईवडिलांचे आजार, घरात सोबत कोण आहे. जन्म कुठला आणि आलिया कधी केली हेही विचारतात. त्याचा राग मानू नये. लहानपणी भारतात राहिलेल्या माणसाच्या खोकल्याकडे पाहताना जुना क्षय डॉक्टरच्या मनात असावा लागतो.

यातला 'कसे दुखते' हा प्रश्न आपल्या लोकांचा घात करतो. मराठीत कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, शिणक भरते, आग होते, मुरडा येतो, ओढ लागते. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेला नेऊ शकतो. हिब्रूत मात्र आपले म्हातारे सगळ्याला एकच म्हणतात, "कोएव ली". नात दुभाषी म्हणून उभी असेल तर तीही घाईत तेवढेच सांगते. आजोबा म्हणतात "छातीवर दडपण आलं", ती म्हणते "येश लो लाहात्स", आणि 'लाहात्स' म्हणजे दाबही आणि मनाचा ताणही! अशा वेळी शब्द सोडून द्यावा आणि मूठ वळून छातीवर ठेवून दाखवावी. ती खूण विद्यार्थी पुस्तकात शिकलेला असतो.

अंगाची तपासणी बहुधा चार पायऱ्यांनी शिकवतात: पाहणे, चाचपणे, बोटांनी ठोकणे, ऐकणे. पोटाच्या बाबतीत हा क्रम बदलतो. तिथे पाहिल्यानंतर आधी ऐकतात, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. दाबताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि दुखरी जागा शेवटी घ्यायची. छाती ठोकण्याची विद्या आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ साली प्रसिद्ध केली. त्याचा बाप खानावळवाला होता. पिंपात दारू किती उरली ते ठोकून बघण्यावरून मुलाला ही कल्पना सुचली असे सांगतात. आपल्या आया फणस पिकला की नाही ते असेच तर बघत! स्टेथस्कोप पुढे १८१६ साली पॅरिसला लाएनेकने काढला, तोही कागदाच्या सुरळीपासून.

हे सारे पुस्तकातून येत नाही. बैर शेवाचे वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले, तेव्हापासून तिथे विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी रुग्णांजवळ नेण्याची पद्धत आहे. तेल हाशोमेरच्या शिबा रुग्णालयात २००१ पासून एक केंद्र आहे, तिथे नट रुग्णाचे सोंग घेतात आणि मुले त्यांच्यावर सराव करतात. पण नटाची धाप खोटी, त्याच्या घोट्यावर बोट दाबले तर सुजेचा खड्डा पडत नाही. त्यासाठी तुम्हीआम्हीच लागतो. शिवाय दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा विसरलेली गोष्ट आठवते, आणि वेळ असतो तो मोठ्या डॉक्टरकडे नव्हे, या मुलांकडे.

१९९६ च्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे आपल्यावर उपचार करणारा कोण आणि कोणत्या हुद्द्याचा हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. म्हणून आधी नाव विचारा, "स्टुडंट की रोफे?" तेही विचारा. दमला असाल तर "नंतर या" म्हणा, पडदा ओढायला सांगा, हात गार असतील तर चोळायला सांगा. गोळ्यांची यादी पाकिटात ठेवा, कुपत होलिमबाहेरून घेतलेल्या आणि भारतातून मागवलेल्या चूर्णांसकट. आणि "काय होतंय?" असे विचारल्यावर "काही नाही, ठीक आहे" हे आपले नेहमीचे उत्तर तेवढे देऊ नका.