त्वचेवाटे शिरणारे विष : फवारणीच्या हंगामात शिक्षकांचे कार्य

विषबाधा म्हटली की विष तोंडावाटे पोटात गेले असले पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणून फवारणी करणारा मनुष्य नाकातोंडाला दुपट्टा बांधतो आणि स्वतःस सुरक्षित मानतो. वस्तुतः फवारणाऱ्याच्या शरीरात कीटकनाशक शिरण्याचा सर्वांत मोठा मार्ग त्वचा हाच आहे. ही एक गोष्ट जरी शाळेतून घरोघरी पोचली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

सन २०१७ च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अकोला जिल्ह्यालाही त्याची झळ लागली. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली होती. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत नळी उंच धरून फवारताना औषधाचे तुषार मजुराच्याच अंगावर येत. हवा उष्ण व दमट होती, आणि अंगावर पुरेसे संरक्षण नव्हते.

उष्ण हवेत त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, त्वचा घामाने ओलावते, आणि विष अधिक वेगाने आत शोषले जाते. पुष्कळ कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात. त्वचेच्या वरच्या थरातही स्निग्धांश असल्याने ती त्यातून सहज पार होतात. सर्व अंगाची त्वचाही सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, हाताच्या कोपराखालील भागातून जेवढे विष शोषले जाते, त्याच्या सुमारे चौपट कपाळाच्या व डोक्याच्या त्वचेतून आणि सुमारे अकरापट वृषणावरील त्वचेतून शोषले जाते. आता पाठीवरचा पंप गळत असेल तर काय होते, हे पाहावे. औषध पाठीवरून कमरेकडे व तेथून जांघेकडे उतरते, म्हणजे नेमके अत्यंत नाजूक त्वचेवर जाते. भिजलेला कपडा तसाच अंगावर राहिला, तर तो विषाची पट्टी बांधल्यासारखाच होय.

यातील मोठा धोका असा की, त्वचा बहुधा कोणतीही सूचना देत नाही. आग होत नाही, जखम दिसत नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस इत्यादी सेंद्रिय स्फुरद वर्गातील विषे मज्जातंतूंच्या कार्यावर आघात करतात. मज्जातंतूंचा निरोप पोचविणारा पदार्थ काम होताच नाहीसा करणारे एक विकर शरीरात असते. ही विषे ते निकामी करतात, आणि मग निरोप थांबतच नाहीत. रोज थोडे थोडे विष अंगावर पडत गेल्यास त्या विकराची झीज साचत जाते. म्हणून ‘काल फवारले, काही झाले नाही’ हा पुरावा आजच्या दिवसास लागू पडत नाही.

डोके दुखणे, मळमळ, अतिशय घाम व लाळ, अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे व श्वास कोंडणे ही लक्षणे होत. ती कामानंतर काही तासांनी, घरी आल्यावरही दिसू लागतात. अशा वेळी रोग्याचे कपडे तत्काळ काढावेत. मदत करणाऱ्याने स्वतःच्या हातांस प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. केस व नखांसह सर्व अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे, डोळे नुसत्या पाण्याने धुवावेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी. दूध, तूप वा लिंबू पाजण्यात वेळ दवडू नये.

यात शिक्षकाने काय करावे? त्याने तीन गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली, चिठ्ठीचे वाचन. डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील तांबडा, पिवळा, निळा व हिरवा हे रंग उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवितात. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. शिक्षकाने ही चिन्हे फळ्यावर काढून शिकवावीत. खरे डबे वर्गात आणू नयेत.

दुसरी, एक सोपा प्रयोग. होळीची नवी पिचकारी घ्यावी व तीत निळीचे पाणी भरावे. एका शिक्षकाने जुना पांढरा सदरा घालून मैदानात प्रथम वाऱ्याच्या दिशेने व नंतर वाऱ्याच्या विरुद्ध पाणी उडवावे. सदऱ्यावरील डाग मुलांनी मोजावेत. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, हा नियम मग निराळा पाठ करावा लागणार नाही.

तिसरी, घरच्या कामांची चौकशी. मुलांनी औषध कालवू नये, पंप धरू नये, फवारलेल्या ओल्या पिकात शिरू नये. फवारणीचे कपडे इतर कपड्यांत मिसळू नयेत. ते धुण्याचे काम बहुधा घरच्या स्त्रियांवर व मुलींवर पडते, म्हणून ही सूचना मातांपर्यंत पोचली पाहिजे. रिकाम्या डब्यात पाणी वा तेल कधीही भरू नये. सन २०१३ मध्ये बिहारातील एका शाळेत माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस मिसळले जाऊन २३ मुले दगावली, हे शाळेच्या स्वयंपाकघराने कधी विसरू नये.

मजुरास चांगले हातमोजे व पूर्ण पोशाख मिळावा, ही जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे, आणि हे पालकसभेत स्पष्ट बोलावे. परंतु गळका पंप दुरुस्त करणे, पूर्ण बाह्यांचा धुतलेला सदरा घालणे, तोटी तोंडाने न फुंकणे, आणि काम संपताच भाकरी खाण्यापूर्वी साबणाने स्नान करणे, एवढे तरी उद्यापासून करता येण्यासारखे आहे. कपाशीवरील फवारणीस आरंभ होण्यापूर्वीच प्रत्येक शाळेने अशी एक पालकसभा घ्यावी.