नामकथांची चित्रपुस्तके आणि पहिलीचा वर्ग

माणसाचे नाव हाच ज्यांचा कथाविषय आहे, अशा सचित्र बालपुस्तकांना नामकथा म्हणता येईल. पहिली-दुसरीच्या वर्गात त्यांचे कार्य दुहेरी असते. त्यांतून अक्षरओळख होते आणि शेजारी बसणाऱ्या मुलाचे नाव नीट उच्चारण्याची सवय लागते.

आशयानुसार त्यांचे तीन प्रकार पाडता येतात. उपहासकथेचा उत्तम नमुना म्हणजे केविन हेंक्स यांचे ‘क्रिसॅन्थेमम’ (१९९१). आपले नाव मनापासून आवडणाऱ्या छोट्या उंदरीला शाळेत त्याच नावावरून चिडवले जाते. यांगसूक चोई यांचे ‘द नेम जार’ (२००१) ही स्थलांतरकथा आहे. कोरियातून अमेरिकेत आलेल्या उन्हेईसाठी वर्गमित्र बरणीत नव्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, पण अखेर ती स्वतःचेच नाव निवडते. मूळच्या पेरूच्या हुआना मार्टिनेझ-नील यांच्या ‘अल्मा अँड हाऊ शी गॉट हर नेम’ (२०१८) या वंशकथेत सहा शब्दांच्या लांबलचक नावाची तक्रार करणाऱ्या मुलीला वडील त्या नावांमागची माणसे एकेक करून भेटवतात.

हा तिसरा प्रकार मराठी घराला सर्वांत जवळचा आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील, तेव्हा आईच्या नावाची कथाही वर्गात सांगितली जाईल.

तळेगाव दाभाडे येथे हा विषय आपोआप हाती येतो, कारण गावाच्या नावातच एका घराण्याचे आडनाव आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे आणि उमाबाई यांची नावे येथील मुलांच्या कानांवर लवकर पडतात. चाकण-तळेगाव पट्ट्यातील कारखान्यांमुळे इतर प्रांतांतील कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. तमिळ घरांत बहुधा आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. बिहारमधील पुष्कळ मुलांच्या नावाशेवटी कुमार किंवा कुमारी येते. हजेरीपटातील तीन रकान्यांत अशी नावे सहज बसत नाहीत. शिक्षकांनी ती कापून-जोडून घेऊ नयेत, पालकांना विचारून लिहावीत.

लेखन-वाचनाच्या दृष्टीनेही नावाचे मोल मोठे आहे. पाठ्यपुस्तक साध्या अक्षरांपासून हळूहळू जोडाक्षरांकडे जाते. श्रेया किंवा प्रणव मात्र पहिल्याच दिवशी जोडाक्षर घेऊन वर्गात येतात आणि ते अखंड आकृतीने ओळखतात. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलाला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या शब्दांपासूनच वाचनाचा आरंभ केला. ‘टीचर’ (१९६३) या पुस्तकात ती पद्धती त्यांनी मांडली आहे. स्वतःच्या नावाइतका जिव्हाळ्याचा शब्द दुसरा क्वचितच सापडेल.

मुलांना त्यांच्या नावांच्या गोष्टी विचारताना एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. प्रत्येक नावामागे आनंदच असेल असे नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींनी ‘नकुशा’ हे नाव टाकून नवी नावे घेतली, हे शिक्षकांनी विसरू नये. म्हणून ‘तुझे नाव कोणी आणि का ठेवले?’ हा प्रश्न सक्तीचा नसावा. ‘तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते?’ एवढे विचारणे पुरेसे आहे. आडनावावरून जात शोधली जाते, त्यामुळे चर्चा पहिल्या नावापुरतीच ठेवणे माझ्या मते योग्य ठरेल.

विकत घेतलेल्या पुस्तकाइतकेच वर्गात तयार झालेले पुस्तकही उपयुक्त असते. प्रत्येक मुलाला एक पान द्यावे. वर ठळक अक्षरांत नाव, मध्ये त्याने काढलेले चित्र, खाली त्याच्याच बोलीत सांगितलेली एक-दोन वाक्ये शिक्षकांनी जशीच्या तशी लिहावीत. घरची भाषा वेगळी असल्यास नाव त्या लिपीतही पालकांकडून लिहून घ्यावे. पाने शिवून हे पुस्तक वाचनकोपऱ्यात मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावे, आणि वर्षाच्या मध्यात दाखल झालेल्या मुलासाठी त्यात कोरी पाने राखून ठेवावीत.